फॉर्म ‘धन्यवाद’ म्हणतो, पण नाव यादीत जातं का?

फेब्रुवारीतल्या एका सकाळी देवगडहून एका आंबा बागायतदार काकांचा फोन आला. त्यांची वेबसाइट मीच करून दिली होती. आदल्या जूनमध्ये, हंगाम संपता संपता, तिच्यावर एक छोटा फॉर्म बसवला होता : ‘पुढच्या वर्षी पहिली पेटी निघाली की मला कळवा’. नाव, ईमेल आणि खाली एक हिरवं बटण, बस्स. आठ महिने तो फॉर्म तिथे होता. काकांनी त्या दिवशी पहिल्यांदाच ईमेल मार्केटिंगचं खातं उघडून बघितलं होतं.

“हयसर एकय नाव इलां नाय रे,” ते म्हणाले.

मी फॉर्म भरून पाहिला. हिरव्या चौकटीत लगेच आलं, ‘धन्यवाद! तुमची नोंदणी झाली.’ यादी मात्र रिकामीच. शोधता शोधता कळलं की फॉर्म यादीला जोडलेलाच नव्हता. भरलेली माहिती तो फक्त एका पत्त्यावर ईमेलने पाठवत होता, आणि तो पत्ता होता माझ्या टेस्टिंगच्या जीमेलचा, जो मी उघडतही नाही. बरं, तिथे तरी सगळं सापडावं? सगळे मेल स्पॅममध्ये पडलेले, आणि जीमेल स्पॅममधलं ३० दिवसांनी पुसून टाकतं. आठ महिन्यांतली शेवटच्या महिन्याची अकरा नावं हाती लागली. बाकी गेली.

तेव्हापासून फॉर्म आणि यादी जोडायचं काम मी एका ठरलेल्या क्रमाने करतो. तोच क्रम इथे मांडतोय. उदाहरण वर्डप्रेस (वेबसाइट चालवायचं सॉफ्टवेअर) आणि मेलचिंप (यादीतल्या सगळ्यांना मेल पाठवणारी सेवा) यांचं घेतलंय, कारण माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात जणांकडे हीच जोडी असते. सेवा दुसरी असली तरी बटणांची नावं बदलतील, क्रम बदलणार नाही.

जोडायचं म्हणजे नेमकं काय

तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, हे आधी डोक्यात पक्कं करा. एक, वेबसाइटवरचा फॉर्म. दोन, ईमेल सेवेतली यादी. मेलचिंप तिला ‘ऑडियन्स’ म्हणतं, ब्रेवो आणि झोहो कॅम्पेन्स ‘लिस्ट’ म्हणतात. तीन, या दोघांमधली तार. फॉर्म दिसायला सुंदर असू शकतो, यादीही नीट बनलेली असू शकते, आणि तार मुळातच नसू शकते. शिवाय ‘धन्यवाद’ हा शब्द फॉर्म स्वतःच्या जोरावर म्हणतो. माहिती यादीत पोचली की नाही हे तो बऱ्याचदा विचारतही नाही.

तार तीन प्रकारची असते. पहिली, ईमेल सेवा स्वतःच फॉर्मचा तयार कोड देते आणि तो तुम्ही पानात चिकटवता. दुसरी, वर्डप्रेसचं एखादं प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्राम, सेवेशी थेट बोलतं. तिसरी, मध्ये एक दलाल बसतो, म्हणजे जॅपियरसारखी सेवा : फॉर्म भरला गेला की तो माहिती उचलतो आणि यादीत नेऊन टाकतो. माझं मत विचाराल तर वर्डप्रेस असेल तर प्लगइन, हाताने केलेली साधी वेबसाइट असेल तर तयार कोड, आणि दलाल अगदी नाइलाज झाला तरच. दलालाची फुकट मर्यादा महिन्याच्या मध्यात संपली की नावं थांबतात, आणि तुम्हाला ते पुढच्या महिन्यात कळतं.

गूगल फॉर्मचं काय, असं हमखास विचारतात. गूगल फॉर्म माहिती शीटमध्ये ठेवतो. तिथून ती यादीत हाताने न्यावी लागते, म्हणजे ती नेली जात नाही.

पायरी १ : आधी यादी, फॉर्म नंतर

बहुतेक जण फॉर्मपासून सुरुवात करतात, कारण तो डोळ्यांना दिसतो. उलटं करा. यादीत कोणते रकाने हवेत हे ठरलं की फॉर्म आपोआप ठरतो.

सेवा निवडताना फुकट योजनेच्या अटी त्या दिवशी स्वतः वाचा, कारण त्या बदलत राहतात. मेलचिंपची फुकट योजना एकेकाळी चांगली ऐसपैस होती, आता खूप आखडली आहे. ब्रेवो, म्हणजे २०२३ पर्यंतचं सेंडिनब्ल्यू, फुकटात दिवसाला ३०० मेल पाठवू देतं. ऐकायला भरपूर वाटतं, पण तुमच्या यादीत ८०० नावं असतील तर एकच निरोप सगळ्यांना जायला तीन दिवस लागतील. ‘आज सकाळी पेट्या निघाल्या’ हा निरोप तिसऱ्या दिवशी मिळून काय उपयोग?

यादी एकच करा. मुंबईच्या गिऱ्हाइकांची वेगळी, पुण्याची वेगळी, घाऊकवाल्यांची वेगळी असा मोह होतो. मेलचिंपमध्ये एकच माणूस दोन ऑडियन्समध्ये असेल तर तो दोनदा मोजला जातो, आणि बिल माणसांच्या मोजणीवर येतं. नको म्हणून बाहेर पडलेलेही त्या मोजणीत राहतात. त्यांना ‘आर्काइव्ह’ केलं तरच सुटतात. त्यापेक्षा यादी एक आणि तिच्यात टॅग : ‘मुंबई’, ‘पुणे’, ‘घाऊक’.

रकाने किती? ईमेल, नाव आणि फार तर अजून एक. काकांच्या बाबतीत तो तिसरा रकाना ‘शहर’ होता, कारण पेट्या कुठल्या गाडीने जाणार हे त्यावर ठरतं. मोबाइल नंबर, जन्मतारीख, पत्ता हे सगळं मागायची हौस असते. पण फक्त ‘आंबा आला की सांगा’ एवढंच सांगायला आलेल्या माणसाकडे जन्मतारीख मागितली की तो पान बंद करतो. मीही करतो.

खातं उघडताना ईमेल सेवा तुमचा टपालाचा पत्ता मागते, आणि तो प्रत्येक मेलच्या तळाशी छापते. अमेरिकेच्या २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्यात व्यापारी मेलमध्ये टपालाचा पत्ता सक्तीचा आहे, आणि बहुतेक सेवा सगळ्या जगाला तोच नियम लावतात. घरून धंदा करणाऱ्या वहिनींना हे माहीत नसतं आणि घरचा पत्ता शेकडो अनोळखी लोकांकडे जातो. दुकानाचा, गोदामाचा किंवा पोस्ट बॉक्सचा पत्ता द्या.

पायरी २ : डोमेनची ओळख पटवून द्या

ही पायरी कंटाळवाणी आहे. ती टाळली तर पुढचं सगळं बरोबर करूनही मेल स्पॅममध्ये जातात.

पाठवणाऱ्याचा पत्ता तुमच्या स्वतःच्या डोमेनचा, म्हणजे तुमच्या वेबसाइटच्या नावाचा हवा. ‘अमुक-आंबेवाले अॅट जीमेल’ असा पत्ता टाकू नका. जीमेलचा पत्ता लावून मेल दुसऱ्याच सर्व्हरवरून निघाला की घेणाऱ्याच्या दारातला पहारेकरी विचारतो, ‘तू जीमेलचा म्हणतोस, पण आलास कुठून?’ ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगल आणि याहू यांनी नवे नियम जाहीर केले आणि ते फेब्रुवारी २०२४ पासून लागू केले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५००० पेक्षा जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही ओळखी लागतात. लहान पाठवणाऱ्यांना पहिल्या दोन्हींपैकी एक तरी हवीच. मी सगळ्यांना तिन्ही करून देतो. काम अर्ध्या तासाचं आहे.

एसपीएफ म्हणजे ‘माझ्या नावाने कोणकोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात’ याची यादी. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवर लाखेचं सील : वाटेत कोणी उघडून बदललं तर कळतं. डीमार्क म्हणजे ‘ओळख पटली नाही तर काय करायचं’ याची सूचना. हे तिन्ही डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्या डोमेनच्या नोंदवहीत, नोंदी म्हणून टाकायचे असतात. ईमेल सेवेत ‘डोमेन ऑथेंटिकेट करा’ अशा अर्थाचं बटण असतं. ते दाबलं की दोन-तीन नोंदी दाखवल्या जातात. डोमेन जिथून विकत घेतलं तिथे लॉगिन करून त्या जशाच्या तशा उतरवायच्या. टाइप करू नका, कॉपी-पेस्टच करा. एका टिंबाचा फरक पुरतो.

इथली नेहमीची चूक अशी : डोमेनवर एसपीएफची एक नोंद आधीपासून असते, ऑफिसच्या मेलसाठी केलेली, आणि नवखा माणूस तिच्या खाली दुसरी टाकतो. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच चालते. दोन झाल्या की दोन्ही फुकट, आणि ऑफिसचे रोजचे मेलसुद्धा अडायला लागतात. जुन्याच नोंदीत नवा तुकडा घाला. डीमार्क सुरुवातीला ‘नुसतं बघा, काही करू नका’ या धोरणावर ठेवा. नोंदी जगभर पोचायला काही तास, कधी एखादा दिवस जातो. तेवढ्यात चहा होतो आणि फॉर्मचा मजकूरही लिहून होतो.

पायरी ३ : तार जोडणं

वर्डप्रेसच्या प्लगइन विभागात ‘मेलचिंप फॉर वर्डप्रेस’ शोधा. हे मेलचिंप कंपनीचं स्वतःचं नाही, दुसऱ्यांनी केलेलं आहे, पण जुनं आणि भरवशाचं आहे. चालू केलं की ते एकच गोष्ट मागतं : एपीआय की.

एपीआय की म्हणजे अक्षर-आकड्यांची एक लांबलचक माळ. मेलचिंपच्या खात्यात, प्रोफाइलच्या आत ‘एक्स्ट्राज’मध्ये ती बनवता येते. बनवताना तिला नाव द्या, ‘वेबसाइटचा फॉर्म’ वगैरे, म्हणजे दोन वर्षांनी ही कशाची किल्ली हा प्रश्न पडत नाही. माळेच्या शेवटी एक छोटी रेघ आणि तिच्यापुढे दोन अक्षरं व आकडा असतो. ते तुमचं खातं कोणत्या डेटा सेंटरवर आहे ते सांगतं. कॉपी करताना नेमकं हे शेपूट सुटतं आणि मग ‘की चुकीची आहे’ असा लाल संदेश येतो. की पूर्ण स्वरूपात एकदाच दाखवली जाते, तेव्हा लगेच प्लगइनमध्ये चिकटवा. ती व्हॉट्सअॅपवर कुणाला पाठवू नका. ज्याच्या हातात ही माळ, त्याच्या हातात तुमची सगळी यादी. चुकून बाहेर गेलीच तर ती रद्द करून नवी बनवा, दोन मिनिटांचं काम आहे.

की बसली की प्लगइनमध्ये ‘कनेक्टेड’ असं हिरवं दिसतं. इथे लोक खूश होऊन थांबतात. हिरवं म्हणजे फक्त दार उघडलं. फॉर्म कुठल्या यादीत नावं टाकणार हे अजून ठरलेलं नाही. प्लगइनच्या फॉर्म विभागात जा, नवा फॉर्म बनवा, आणि सेटिंगमध्ये यादीच्या नावापुढे टिक करा. ही टिक नसेल तर फॉर्म दिसेल, भरलाही जाईल, आणि नाव कुठेच जाणार नाही.

आता रकाने जुळवायचे. याला थोडा वेळ द्या. मेलचिंपच्या यादीतल्या प्रत्येक रकान्याला एक गुप्त नाव असतं, त्याला ‘मर्ज टॅग’ म्हणतात. ईमेलसाठी ते इंग्रजीत मोठ्या अक्षरांत ईमेल, पहिल्या नावासाठी मोठ्या अक्षरांतलं एफ आणि त्याला जोडून नेम. फॉर्मच्या कोडमध्ये प्रत्येक चौकटीचं जे नाव आहे ते या टॅगशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. लोकांना दिसणारं लेबल मराठीत ‘तुमचं नाव’ असू द्या, त्याला बंधन नाही. आतलं नाव मात्र टॅगचंच हवं. माझ्या एका मैत्रिणीच्या साड्यांच्या वेबसाइटवर सगळे पत्ते व्यवस्थित येत होते, फक्त नावाचा रकाना कायम रिकामा. कोड उघडला तर चौकटीचं आतलं नाव तिने प्रेमाने बदलून ‘ताईचं नाव’ असं ठेवलं होतं. यादीला ताई कोण हे माहीत नव्हतं.

ईमेलची चौकट ‘ईमेल’ या प्रकारचीच ठेवा, साध्या मजकुराची नको. तशी ठेवली की फोनवर अॅटचं चिन्ह समोर असलेला कीबोर्ड उघडतो, आणि अॅट नसलेला पत्ता फॉर्म स्वीकारतच नाही.

फॉर्म तयार झाला की प्लगइन एक शॉर्टकोड देतं, चौकोनी कंसातला. तो पानात, पायथ्याशी किंवा जिथे हवा तिथे चिकटवा. काकांच्या साइटवर आम्ही तो ‘आंबे संपले’ या पानावर टाकला. हंगाम नसताना सगळ्यात जास्त लोक तिथेच येऊन हळहळतात.

वर्डप्रेस नसेल तर मेलचिंपमधून ‘एम्बेडेड फॉर्म’चा तयार कोड घ्या आणि पानाच्या एचटीएमएलमध्ये टाका. साइट बनवायच्या एखाद्या सेवेवर असाल तर ‘कस्टम एचटीएमएल’ किंवा ‘एम्बेड’ नावाच्या चौकटीतच टाका. साध्या मजकुराच्या चौकटीत टाकलात तर पानावर कोडच वाचायला मिळेल. त्या कोडमध्ये एक विचित्र चौकट दिसेल, स्क्रीनच्या ५००० पिक्सेल बाहेर डावीकडे ढकललेली. साफसफाई म्हणून ती काढू नका. तो सापळा आहे. माणसाला ती दिसत नाही म्हणून तो भरत नाही. आपोआप फॉर्म भरत सुटणाऱ्या बॉटला सगळं भरायची सवय, तो तीही भरतो आणि पकडला जातो.

आणि ज्यांच्याकडे कॉन्टॅक्ट फॉर्म ७ आधीच आहे त्यांच्यासाठी : ते मुळात माहिती ईमेलने पाठवण्यासाठी केलेलं आहे, स्वतः साठवून ठेवत नाही. साठवायला त्याच लेखकाचं फ्लेमिंगो नावाचं वेगळं प्लगइन घ्यावं लागतं. ते जरूर घ्या. यादीची तार तुटली तरी नावांची एक प्रत तुमच्या साइटवर राहते. माझी ती आठ महिन्यांची नावं अशीच वाचली असती.

पायरी ४ : परवानगी मराठीत मागा

बटणावर ‘सबमिट’ लिहू नका. ‘मला कळवा’ लिहा. बटणाच्या वर एका ओळीत सांगा की काय पाठवणार आणि किती वेळा. काकांच्या फॉर्मवर असं आहे : ‘हंगामात आठवड्याला एक मेल, एरवी दोन महिन्यांतून एखादा. नको वाटलं तर प्रत्येक मेलच्या तळाशी बंद करायची लिंक आहे.’

फॉर्म फक्त यादीसाठीच असेल तर वेगळी टिक लागत नाही, बटण दाबणं हीच परवानगी. पण ऑर्डरच्या किंवा चौकशीच्या फॉर्मला यादी जोडत असाल तर ‘मला आंब्याच्या बातम्याही पाठवा’ अशी वेगळी चौकट हवी, आणि ती आधीच टिक केलेली नको. पत्ता ऑर्डरसाठी दिलाय, जाहिरातीसाठी नाही.

यात आता कायदाही आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यात १८ महिन्यांची मुदत दिली आहे. तोपर्यंत थांबायचं कारण नाही. संमती मोकळेपणाने, स्पष्ट कृतीतून दिलेली हवी. मागे घेणंही देण्याइतकंच सोपं हवं. आणि माणूस १८ वर्षांखालचा असेल तर आईवडिलांची संमती लागते. एक कलम मला मनापासून आवडलं : माहिती कशासाठी घेताय ही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागेल. मराठी त्या २२ भाषांत आहे. तुमचा फॉर्म आधीच मराठीत असेल तर तुम्ही चार पावलं पुढे आहात.

पायरी ५ : एकदा विचारायचं की दोनदा

फॉर्म भरल्यावर नाव थेट यादीत टाकायचं, की आधी ‘हे तुम्हीच ना?’ असा मेल पाठवून लिंक दाबायला लावायची? दुसऱ्या पद्धतीला डबल ऑप्ट-इन म्हणतात. मेलचिंपने ऑक्टोबर २०१७ मध्ये नव्या फॉर्मसाठी एकेरी पद्धत मूळ पर्याय केली, त्यामुळे दुहेरी हवी असेल तर सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते.

दुहेरीविरुद्धचा मुद्दा खरा आहे. काही लोक तो खात्रीचा मेल उघडतच नाहीत आणि नावं अर्ध्यावर लटकतात. तरी मी दुहेरीच्याच बाजूचा. फॉर्म उघड्यावर असतो. कोणीही कुणाचाही पत्ता टाकू शकतो, बॉट शेकडो टाकतात, आणि घाईत जीमेलच्या शेवटी ‘कॉम’ऐवजी ‘कॉन’ लिहिणारे तर रोजचे. असे पत्ते यादीत शिरले की मेल परत यायला लागतात आणि तुमच्या डोमेनचं नाव खराब होतं.

फक्त तो खात्रीचा मेल इंग्रजीत सोडू नका. तयार मजकूर इंग्रजी असतो, आणि ‘कृपया सबस्क्रिप्शन कन्फर्म करा’ अशा थाटाचा मेल आमच्या काकांच्या गिऱ्हाइकांना फसवणूक वाटतो. सेवेच्या फॉर्म बिल्डरमध्ये तो बदलता येतो. आम्ही लिहिलेला असा :

विषय : आंब्याची खबर हवी ना? एकदा दाबा
नमस्कार, देवगडहून लिहितोय. आमच्या वेबसाइटवर तुमचा पत्ता नुकताच नोंदवला गेला. तो तुम्हीच नोंदवला असेल तर खालचं बटण दाबा. नसेल नोंदवला तर काहीच करू नका, आम्ही पुन्हा लिहिणार नाही.

आणि फॉर्मवरचं ‘धन्यवाद, नोंदणी झाली’ हेही बदललं. नोंदणी अजून झालेली नसते. आता तिथे येतं : ‘एक काम बाकी आहे. तुमच्या ईमेलवर आत्ता एक निरोप आलाय, त्यातलं बटण दाबा. दिसला नाही तर स्पॅममध्ये बघा.’

पायरी ६ : परक्यासारखं तपासा

स्वतः लॉगिन केलेल्या ब्राउझरमध्ये तपासू नका. तिथे सगळं नेहमी चालतं. खाजगी विंडो उघडा, किंवा फोनवरून, वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर फॉर्म भरा.

दर वेळी नवा ईमेल पत्ता कुठून आणणार? जीमेलमध्ये युक्ती आहे. तुमच्या नावापुढे, अॅटच्या आधी, अधिकचं चिन्ह आणि काहीही लिहा, म्हणजे ‘अधिक चाचणी१’, ‘अधिक चाचणी२’. यादीसाठी हे वेगवेगळे पत्ते, पण मेल सगळे तुमच्याच डब्यात येतात.

नाव मुद्दाम देवनागरीत भरा, आणि त्यात जोडाक्षर असू द्या. मी ‘श्रद्धा’ लिहितो. मग यादी उघडून बघा : पत्ता आला का, नाव नावाच्याच रकान्यात आलं का, टॅग लागला का. खात्रीचा मेल किती मिनिटांत आला? बटण दाबल्यावर कुठल्या पानावर नेलं? पुढे स्वागताचा मेल ठेवला असेल तर तो आला का, आणि त्यात ‘नमस्कार श्रद्धा’ दिसतंय की ‘नमस्कार’ आणि पुढे चांदण्या व उभ्या दांड्यांत अडकलेला मर्ज टॅग? मग तोच पत्ता परत भरा. ‘तुम्ही आधीच यादीत आहात’ असं सभ्य मराठीत यावं. शेवटी तळाची लिंक दाबून बाहेर पडा आणि यादीत तुमच्यापुढे तसं दिसतंय का बघा.

पहिल्या दिवशी चाललं आणि आठवड्याने बंद पडलं, तर आधी कॅशेवर संशय घ्या. साइट वेगवान करणारी प्लगइन पानाची जुनी प्रत दाखवत राहतात, आणि फॉर्ममधल्या सुरक्षेच्या खुणेची मुदत तोवर संपलेली असू शकते. फॉर्मचं पान कॅशेतून वगळा.

यादी उतरवून एक्सेलमध्ये उघडली आणि ‘श्रद्धा’च्या जागी मात्रा दिलेल्या इंग्रजी ए-ची रांगच रांग दिसली तर घाबरू नका. यादीत नाव शाबूत आहे, एक्सेलने फाइल चुकीच्या लिपीत वाचली. डबल क्लिक करून उघडण्याऐवजी डेटा टॅबमधून ‘टेक्स्ट किंवा सीएसव्ही’ निवडा आणि ६५००१, यूटीएफ-८ हा पर्याय घ्या. किंवा सरळ गूगल शीट्समध्ये उघडा. तसं न करता ती बिघडलेली फाइल सेव्ह करून परत यादीत चढवलीत, तर मात्र नावं खरोखर गेली.

ही सगळी तपासणी मी दर महिन्याच्या एक तारखेला करतो. फोनमध्ये गजर लावलाय. वर्डप्रेस, प्लगइन, ईमेल सेवा, तिघेही आपापल्या वेळी अपडेट होतात आणि एकमेकांना विचारत नाहीत.

जुन्या वहीतली नावं

तार जोडून झाली की लगेच पुढचा प्रश्न येतो : ‘आमच्याकडे वहीत साडेतीनशे पत्ते आहेत, ते टाकून देऊ?’ काकांनीही विचारलं. मी नाही म्हटलं, आणि ते दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.

त्या लोकांनी आंबे घेतले होते, यादीत यायला होकार दिला नव्हता. गूगलचा नियम असा की स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली राहिल्या पाहिजेत, म्हणजे हजारामागे तीन. साडेतीनशे मेलमधल्या दोन जणांनी जरी ‘स्पॅम’ दाबलं तरी तुम्ही मर्यादेच्या पार. आणि तीन-चार वर्षं जुन्या वहीतले कितीतरी पत्ते बंद झालेले असतात.

मग आम्ही काय केलं? काकांनी आपल्या नेहमीच्या मेलवरून, रोज दहा-पंधरा जणांना, नावानिशी दोन ओळी लिहिल्या. ‘गेल्या साली तुम्ही दोन डझन नेले होते. यंदाची खबर हवी असेल तर इथे नाव टाका’, आणि खाली फॉर्मची लिंक. टायपिंग त्यांच्या नातीने केलं. ज्यांना हवं होतं त्यांनी स्वतः नाव टाकलं, खात्रीचं बटणही दाबलं.

यंदा प्रत्येक पेटीत गवतावर एक चिठ्ठीही ठेवली जातेय, क्यूआर कोडची. तो स्कॅन केला की तोच फॉर्म उघडतो, फक्त त्यातून आलेल्यांना ‘पेटी’ असा टॅग लागतो. छापायच्या आधी मी तो कोड दोन फोनवरून तपासला. काकांनी तिसऱ्या फोनवरून तपासला, आणि नाव यादीत आलेलं स्वतः बघितल्यावरच प्रेसला फोन केला.